छातीशी धरलेले पिलू



गेल्या वैशाखात पाटोदा तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात माझे प्रवचन होते. विषय भूतदयेचा. प्रवचन आटोपले, आरती झाली, मंडळी पंगतीकडे वळली, तेव्हा सातवी-आठवीतला एक मुलगा पुढे आला. त्याने पायावर डोके ठेवले आणि उठून जाण्याऐवजी तेथेच मांडी घालून बसला. म्हणाला, "महाराज, रानात एखादं पिलू एकटंच पडलेलं दिसलं तर उचलून आणावं, का तसंच सोडून यावं? सर म्हणतात हात लावू नका. आजी म्हणती, मुक्या जिवाला टाकून येणं पाप हाय. मग मी कुणाचं ऐकू?"

मी त्याला नाथांच्या गाढवाची गोष्ट सांगितली. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव आणि नाथांनी त्याच्या तोंडात ओतलेले ते पाणी. आपल्या बाजूची नाथांची पालखी पैठणाहून पंढरीला जाताना पाटोद्यावरूनच जाते, तेव्हा ही गोष्ट त्याला पाठच होती. त्याने ऐकून घेतली, मान डोलावली आणि म्हणाला, "पर महाराज, गाढव मोठं व्हतं. मी पिलाचं इचारतोय."

खरे आहे. मी उत्तर टाळले होते. उत्तर येत नव्हते असे नव्हे, ते देताना मला माझीच एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि व्यासपीठावरून उतरलेल्या माणसाला ती लाज सोसवत नाही. आज ती लिहून टाकतो.

पुष्कळ वर्षे झाली. आमची दिंडी आषाढीस चालली होती. बालाघाटाचा चढ चढून आम्ही माळरानावर आलो. नुकता पाऊस पडून गेलेला, गवताला कोवळे कोंब फुटलेले. दुपारच्या विसाव्याआधी दिंडीतल्या एका माउलीला गवताच्या थोंबात हरिणीचे पाडस दिसले. चार-दोन दिवसांचे असेल. पाय पोटाशी घेतलेले, मान जमिनीला टेकलेली, डोळे टक्क उघडे. हलेना की ओरडेना. भोवती शंभर माणसे जमली तरी ते तसेच दगडासारखे पडून. आम्ही चारी दिशांना पाहिले, हरिणी कोठे दिसली नाही. झाले! कोणी म्हणाले, आईने टाकले. कोणी म्हणाले, लांडग्याने आई खाल्ली. एक म्हातारबा म्हणाले, "विठ्ठलानंच आपल्या पदरात घातलं." हे वाक्य सर्वांना गोड लागले, मलाही लागले. उपरण्यात गुंडाळून आम्ही पाडस घेतले. कोणी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. पोरेबाळे पाळीपाळीने त्याला छातीशी धरून चालू लागली. मुक्कामाच्या गावी गाईचे दूध मागून आणले, कापसाच्या बोळ्याने पाजले. दुसऱ्या रात्री त्याला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी ते गेले.

मुक्कामाजवळच्या चिंचेखाली आम्ही त्याला पुरले. मुले रडत होती. संध्याकाळी माझे कीर्तन होते. मी काय सांगितले असेल? सांगितले की तो कोणी योगभ्रष्ट जीव होता, त्याची तीन दिवसांची वारी तेवढी राहिली होती, ती पुरी करून तो वैकुंठाला गेला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. बायांनी पदर डोळ्यांना लावला. माझेही मन हलके झाले.

पुढल्या वर्षी त्याच माळावर दिंडी विसावली असता एक धनगरबाबा घोंगडी सावरीत दर्शनाला आले. म्हणाले, "महाराज, मागल्या साली तुमच्या दिंडीनं हितनं पाडस नेलतं. मोठं झालं का?" मी त्यांना घडले ते सांगितले आणि वर ती योगभ्रष्टाची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "राग येऊ देऊ नका, पर त्याची माय हितंच व्हती. मी त्या वढ्याच्या अंगाला मेंढरं घिऊन व्हतो. टाळाचा आवाज आला तशी ती लांब जाऊन उभी राहिली. तुमी गेल्यावर सांजंला आली. त्या जाग्याला हुंगायची, गोल फिरायची, परत हुंगायची. दोन दिस फिरत व्हती. हरणी असंच करती महाराज. पाडसाला गवतात दडवती आन् आपण लांब चरती. जवळ ऱ्हायली तर लांडग्याला घावंल ना! पाजायला तेवढी येती."

ह्या माणसाने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते. माझ्या तोंडचा 'योगभ्रष्ट' आणि त्यांच्या तोंडची 'माय', दोन शब्द समोरासमोर उभे राहिले, आणि माझा शब्द मला तेथेच पोकळ वाटला. ज्याला आम्ही टाकलेले समजलो ते जपून ठेवलेले होते. ते ओरडत नव्हते, कारण त्याला ओरडण्याचे कारणच नव्हते, आईने सांगितल्याप्रमाणे ते गप्प पडले होते एवढेच. त्याला आईपासून तोडणारे आम्ही, त्याला न पचणारे दूध घालणारे आम्ही, आणि वर त्याला मोक्ष देणारेही आम्हीच!

त्या दिवसापासून भागवताच्या पाचव्या स्कंधातले जडभरताचे आख्यान लावताना माझी जीभ अडखळू लागली. आपणांस ते ठाऊक आहेच. ऋषभदेवांचा पुत्र भरत राज्य टाकून पुलहाश्रमात गंडकीच्या काठी तप करीत राहिला. एके दिवशी तो नदीवर जपास बसला असता एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. तोच सिंहाची डरकाळी झाली. हरिणीने भयाने पाण्यावरून झेप घेतली, त्या झेपेत तिचा गर्भ गळून प्रवाहात पडला, आणि ती पलीकडे जाऊन मरून पडली. भरताने ते पाडस पाण्यातून काढून आश्रमात आणले. त्याला चारावे, खाजवावे, लांडग्यांपासून राखावे, क्षणभर दिसले नाही तर कासावीस व्हावे, असे होता होता स्नानसंध्या सुटली, यमनियम सुटले, आणि मरणकाळी डोळ्यांपुढे देव न येता ते हरिण आले. पुढचा जन्म हरणाचा झाला.

ही कथा सांगून झाली की कित्येक कीर्तनकार (मीही त्यांत होतो) एक झटपट अर्थ काढतात की, बघा, दया करायला गेला आणि परमार्थ बुडाला, म्हणून साधकाने असल्या भानगडीत पडू नये. श्रोत्यांनाही हा अर्थ सोयीचा वाटतो. वाटेत पडलेल्या जिवाकडे न पाहता पुढे जायला शास्त्राचा आधार मिळतो. पण अहो, कथा नीट पाहा. हरिणी मेलेली भरताने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. आमच्यासारखा तर्क केला नव्हता. पाडस वाहत्या पाण्यात होते, क्षणाचा उशीर म्हणजे मरण. असे पाडस जो उचलणार नाही त्याचे तप कसले? उचलण्यात भरताचा दोष नव्हताच. माझ्या अल्पमतीला दोष दिसतो तो पुढे. पाडस आपले आपण गवत खाऊ लागले, टणाटण उड्या मारू लागले, त्या दिवशी त्याला कळपाची वाट मोकळी करायला हवी होती. तोपर्यंत पाडसाला भरताची गरज होती. त्यानंतर भरताला पाडसाची गरज लागू लागली. दया कोठे संपली आणि मोह कोठे सुरू झाला, ती रेघ तेथे आहे.

आणि ह्याच आख्यानाचा शेवट आपण घाईने उरकतो. तिसऱ्या जन्मी तोच भरत जडासारखा हिंडत असता रहूगण राजाच्या भोयांनी त्याला पालखीला जुंपले. पालखी हिंदकळू लागली, राजा रागावला. का हिंदकळत होती? पायाखाली मुंगी-किडा चिरडू नये म्हणून हा भोई बाणभर पुढची जमीन न्याहाळीत पाऊल टाकीत होता. तीन जन्मांचा फेरा झाला, मोह गळून गेला, पण दया गेली नाही. उलट ती डोळस झाली. आता तो मुंगीला उचलून घेत नाही, आपले पाऊल मात्र बाजूला ठेवतो. मला वाटते, त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या पावलात आहे.

आता आपल्या जिल्ह्यातली, सगळ्यांच्या माहितीची गोष्ट घेऊ. माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी २०२१ साली वानरे कुत्र्यांची पिले उचलून नेऊ लागली. घराच्या छपरावर, झाडावर, उंच जागी नेऊन ठेवीत. डिसेंबरात ह्या गोष्टीचा एवढा गवगवा झाला की देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही लवूळचे नाव आले. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले म्हणून वानरे सूड घेत आहेत, अडीचशे पिले मारली, असे छापून आले. हा आकडा गावकऱ्यांच्या तोंडचा होता, कोणी मोजून काढलेला नव्हता. शेवटी वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून दूर नेली. सूडाची कथा चटकदार होती, म्हणून चालली. आपल्याला दुसऱ्याच्या पोटातला राग लवकर ओळखू येतो, कारण तो आपल्या पोटात असतो.

पण ही पिले मेली कशाने, ते पाहा. चावून नव्हे. बहुतेक उपाशी, तान्हेली मेली, काही उंचावरून पडून मेली. ज्याला सूड घ्यायचा तो पिलू छपरावर नेऊन छातीशी धरून बसेल का? वानराची जात अशी आहे की एकीला पोर झाले की कळपातल्या साऱ्या माद्या ते घ्यायला टपलेल्या असतात. ह्या मांडीवरून त्या मांडीवर पोर फिरत असते. पोर मेले तरी आई ते कितीएक दिवस टाकीत नाही, वाळून कोळ होईपर्यंत घेऊन फिरते. अशा जातीच्या हाताला एक मऊ, कुंकूं करणारा जीव लागला तर ती त्याला पोटाशी धरणार, ह्यात नवल नाही. लवूळला द्वेष होता असे मला वाटत नाही. तेथे माया होती, आणि मायेनेच पिले मेली.

आपल्या भक्तिशास्त्रात दोन न्याय सांगतात. एक मर्कटन्याय, एक मार्जारन्याय. वानरीचे पोर जन्मल्या दिवसापासून चारी हातापायांनी आईच्या पोटाला घट्ट बिलगते, आई खुशाल या फांदीवरून त्या फांदीवर झेपावते. मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा समजावून सांगताना ह्याच मांजरीच्या दातांचा दाखला घेतला आहे. उंदीर फाडणारे तेच दात, पण पिलाच्या मानेला ओरखडा नाही. आता लवूळच्या वानराने काय केले? कुत्रीच्या पिलाला मर्कटन्याय लावला! पिलाला बिलगायला हात कोठे आहेत? ते तर जन्मतः आंधळे, दहा-पंधरा दिवस डोळे उघडत नाहीत, स्वतःच्या अंगाची ऊबसुद्धा त्याला धरून ठेवता येत नाही. भावंडांच्या ढिगाऱ्यात, आईच्या कुशीत ते जगते. आणि त्याला लागते कुत्रीचे दूध, तेही दर दोन-तीन तासांनी. झाडपाला खाणाऱ्या वानराने ते आणायचे कोठून? वानराने त्याला आपल्याजवळ जे होते ते सगळे दिले. उंची दिली, छाती दिली, उवा वेचून दिल्या. त्याला हवे ते मात्र वानरापाशी नव्हते.

हे वाचून आपण वानराला हसू. पण उपरण्यात पाडस गुंडाळून पंढरीकडे निघालेली आमची दिंडी आणि ते छपरावरचे वानर, ह्यांत मला तरी फरक करता येत नाही. त्याने पिलाला उंची दिली, आम्ही तुळशीची माळ दिली.

आता कोणी म्हणेल, मग सरच खरे, हात लावूच नये. ज्याचे त्याचे प्रारब्ध. ही भाषा मला वानराच्या मायेहून वाईट वाटते. वानर चुकले तरी त्याने पिलाला पाहिले, त्याच्या ओरडण्याने त्याचे काही तरी हलले. प्रारब्धवादी माणूस पाहतही नाही. प्रारब्धच पाहायचे असते तर वाळवंटात तडफडणे हे त्या गाढवाचेही प्रारब्धच होते, नाथांनी कावड खांद्यावर सावरून पुढे निघायला हरकत नव्हती. आणि नाथांनी केले ते किती नेमके! गाढवाला पाणी हवे होते, पाणी दिले. गाढवाला कावडीत बसवून रामेश्वराला नेले नाही.

पिलू दिसले की आधी पाहावे, मग थांबावे, मग ठरवावे. गवतात निपचित पडलेले पाडस वा सशाचे पिलू एकटे असले म्हणजे पोरके असतेच असे नाही. आपण जवळ उभे आहोत म्हणून तर त्याची आई येत नाही! दूर व्हावे, कुत्री बांधावीत, पोरांना घेऊन जावे. हीच त्या पिलाची सेवा. चिमणी-साळुंकीचे पंख फुटलेले पिलू अंगणात फडफडत असते, त्याचे आईबाप जवळच्या झाडावरून कलकलत असतात. ते पडलेले नसते, उडायला शिकत असते. पिसे न फुटलेले उघडे पिलू पडले तर खुशाल उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिलाला टाकते, अशी समजूत सर्वत्र आहे, ती खरी नाही.

पण आई मरून पडलेली दिसली, पिलू जखमी असले, अंगावर माश्या घोंगावत असल्या, कुत्र्यांनी घेरले असले, विहिरीत पडले असले, तर मग विचार करीत उभे राहणे हा गुन्हा आहे. उचलावे. सावलीत, कापड घातलेल्या टोपलीत ठेवावे आणि दुधाचा हट्ट धरू नये. गाईचे दूध हे गाईच्या वासरासाठी असते, कुत्रीचे दूध त्याच्या दुपटीहून अधिक स्निग्ध असते, हरिणीचे आणखी निराळे. तोंडात बळेच ओतलेले दूध वा पाणी छातीत जाते आणि पिलू गुदमरते. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक महाराष्ट्रात कोठूनही लागतो, तेथे कळवावे. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगावी सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे ह्या दांपत्याने जखमी आणि अनाथ वन्यजीवांसाठी 'सर्पराज्ञी' हे केंद्र उभे केले, तेही ह्याच कामासाठी. हरिण, मोर, ससा घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मला तो कायदा वाचताना भरताची आठवण होते. जे राजर्षीला साधले नाही ते आपल्याला साधेल, असा भरवसा कायदा करणाऱ्यांनीही धरलेला नाही.

घरच्या जनावरांचा न्याय मात्र अगदी वेगळा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्यांना आपणच रानातून आणून दावणीला बांधले. त्यांच्या पिलाच्या बाबतीत 'निसर्ग पाहून घेईल' असे म्हणायला आपल्याला तोंड नाही. गाय अडली तर रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवावे, वासराच्या नाकातोंडातला चिकटा पुसावा, पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक पाजावा. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, अशी एक समजूत अजून खेड्यांत आहे. ती वासराच्या जिवावर उठते. रोगाशी झुंजायचे बळ त्याला त्या पहिल्या चिकातूनच मिळते. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. छावणीत व्यालेल्या गाईचे वासरू आपल्या पटकुरात घेऊन रात्रभर बसणारी माणसे त्या दिवसांत होती. त्यांना कोणी भूतदयेवर प्रवचन द्यायची गरज नाही.

आणि ज्या संकटाला आपला हात लागला आहे, तेथे रानातल्या जिवासाठीही आपला हात पुढे झालाच पाहिजे. बिनकठड्याची विहीर हरणाने खणली नाही. रस्ता त्याने बांधला नाही. बांध पेटवून देताना तित्तिराची अंडी जळतात ती वणव्याने नव्हे, आपल्या काडीने. विहिरीला कठडा बांधणे, निदान एक ओंडका तिरपा सोडून ठेवणे, बांध पेटविण्याआधी एक फेरी मारून येणे, ह्याला कोणी दया म्हणणार नाही, त्यावर कीर्तनही होणार नाही. भरताच्या त्या बाणभर पाहून टाकलेल्या पावलावरही कोणी टाळ्या वाजविल्या नव्हत्या. राजाने शिव्याच दिल्या.

एक अवघड प्रश्न राहतो. लांडग्याच्या तोंडचे पाडस सोडवावे काय? तो धनगरबाबा मला म्हणाला होता, "माझं कोकरू असलं तर मी काठी घिऊन धावणारच. पर रानातलं हरिण त्यानं धरलं तर म्या मान फिरवतो. त्याच्या बिळात बी पाच तोंडं वाट बगत अस्त्यात." एका जिवावर दुसरा जीव जगतो, हे शास्त्राला मान्य आहे. त्यातले दुःख शास्त्राने खोटे ठरविलेले नाही. मान फिरविताना त्या बाबांच्या डोळ्यांत काय असेल ते मला सांगता येत नाही, पण ते कोरडे नसावेत.

सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला. ह्या वेळी त्याची आई बरोबर होती. नवराबायको दोघे ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गाव सोडायचे ते चैत्रापर्यंत. मुलगा तेवढे दिवस आजीजवळ असतो. बाई म्हणाली, "महाराज, ह्यानं तुमाला पिलाचं इचारलं म्हणं. ते म्या सांगितल्यापून त्याच्या डोक्यात बसलंय." मग तिने सांगितले.

जुन्नरकडे त्यांची टोळी होती. तिकडे बिबट्याच्या माद्या उसातच वितात, हे आता त्या भागात नवलाचे राहिलेले नाही. उसाच्या शेतालाच त्यांनी रान मानले आहे. फड तोडता तोडता कोयत्यापुढे तीन पिले निघाली. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. टोळीतली पोरे धावली. एकाने तर एक पिलू उचलून छातीशी धरलेही. ह्या बाईचे स्वतःचे तान्हे पोर बांधावर झोळीत होते. ती म्हणाली, "मला काय सुदरलं न्हाई. म्या आदी माझं लेकरू उचललं, आन् मग त्या पोराला वरडले, खाली ठिव, तिची माय उसातच आसंल." मुकादमाने काम थांबविले, वनखात्याला कळविले. त्यांची माणसे आली. पिले तपासली, पिले धडधाकट होती. दिवसभर सावलीत ठेवून सूर्य मावळायच्या सुमारास ज्या जागी सापडली त्याच जागी भाजीच्या क्रेटात ठेवली. जवळ एक कॅमेरा लावला. राहिलेला ऊस तसाच उभा ठेवून टोळी कोप्यांवर परतली. जुन्नर भागात वनखाते, माणिकडोहचे बिबट्या केंद्र आणि तिथले पशुवैद्य अशीच पिले आईला परत देत आले आहेत. पिले उचलून नेली तर ती पिंजऱ्यात वाढतात आणि पिंजऱ्यातच मरतात, आणि पिलांना शोधीत फिरणारी आई गावाला भारी पडते.

"रातभर मला झोप न्हाई," बाई म्हणाली. "कोपीत पडल्या पडल्या कान तिकडंच. हिकडं लेकरू अंगाला लागलेलं, आन् हा," तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, "हा हिकडं गावाला."

"पहाटं सायेब लोकांनी कॅमेऱ्यात दावलं. ती आली. आदी लांबनंच बसून ऱ्हायली. मग जवळ आली, एक उचललं, गेली. परत आली. तीनदा आली महाराज. एवढाले दात, पर कसं अलगद धरलं व्हतं."

मुलगा मध्येच म्हणाला, "आई, पयल्यांदा किती वाजता आली गं?"

त्याने हे आधीही विचारले असावे, कारण तिने न आठवता सांगितले, "आकराच्या सुमाराला."

"आन् शेवटच्याला?"

"दीडला. मग सकाळी आमी ऱ्हायलेला फड तोडला."